गोळ्यांच्या पाकिटासोबत तपासणीचा कागदही द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार, विनंती विशेष.

किती गोळ्या आल्या, किती वाटल्या, साठा किती उरला, हे आपल्या खात्याला नेमकं ठाऊक असतं. गोळी हातात पडल्यावर रुग्णाचं काय होतं, त्याची नोंद मात्र कुठेच होत नाही. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या औषधांनी भास ओसरतात, संशय निवळतो, माणूस पुन्हा कामाला लागतो. याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. पण ही औषधं देखरेखीशिवाय द्यायची नाहीत, आणि देखरेख होत नाही म्हणून हे पत्र.

त्यातल्या क्लोझापिन या औषधापासून सुरुवात करतो, कारण चुकीला सगळ्यात कमी वाव तिथेच आहे. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसने, प्रत्येकी किमान सहा आठवडे घेऊनही ज्यांची लक्षणं हटत नाहीत, त्यांच्यासाठी आजही याच्या तोडीचं दुसरं औषध नाही. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत अशा रुग्णांपैकी सुमारे 30 टक्के क्लोझापिनवर सुधारले. क्लोरप्रोमाझिन या जुन्या औषधावर जेमतेम 4 टक्के. तरीही डॉक्टर ते लिहून द्यायला कचरतात. 1975 मध्ये फिनलंडमध्ये या औषधामुळे पांढऱ्या पेशी घटून रुग्ण दगावले, ती धास्ती अजून गेलेली नाही. त्यावर उपाय आहे, तो म्हणजे रक्ततपासणी. अनेक देशांत वर्षानुवर्षं चालत आलेलं वेळापत्रक असं : पहिले 18 आठवडे दर आठवड्याला, मग वर्ष पुरं होईपर्यंत पंधरवड्याला, पुढे महिन्यातून एकदा. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्तात प्रति घन मिलिमीटर 1500 च्या खाली असतील तर साधारणपणे औषध सुरूच करत नाहीत. मधे कधीही ताप आला किंवा घसा धरला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रक्त तपासायचं.

याहून सहज घडणारी चूक वेगळीच आहे. क्लोझापिन 12.5 मिलिग्रॅमने सुरू करतात आणि दोन-तीन आठवड्यांत पायरी पायरीने, बहुतेकदा दिवसाला 300 मिलिग्रॅमच्या आसपास नेतात. शरीर त्याला हळूहळू सरावतं. सलग 48 तासांहून अधिक खंड पडला, की हा सराव मोडतो. त्यानंतर थेट 300 घेतले तर रक्तदाब कोसळून माणूस उभ्या उभ्या पडू शकतो, झटके येऊ शकतात, श्वास किंवा हृदय बंद पडल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून पुन्हा 12.5 पासूनच चढायचं असतं. आता पाहा : शुक्रवारी रात्री घरातली शेवटची गोळी संपली, दवाखान्यात साठा नाही, सोमवारी माल आला. रुग्णाला तेच पाकीट मिळतं, चिठ्ठीवर तोच जुना डोस असतो. औषधाच्या खिडकीवर ‘शेवटची गोळी कधी घेतली होती?’ एवढं विचारलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. हा प्रश्न विचारणं खिडकीवरच्या माणसावर बंधनकारक करा. आणि साठा तुटू देऊ नका. या औषधाच्या बाबतीत साठा तुटणं हीच वैद्यकीय दुर्घटना आहे.

पांढऱ्या पेशींकडे निदान लक्ष तरी असतं. बद्धकोष्ठाकडे कुणाचंच नसतं. क्लोझापिनने आतड्यांची हालचाल मंदावते, मळ साचतो, आतडं अडतं आणि रुग्ण दगावतो. हे मृत्यू वेळीच विचारपूस केली तर टाळता येतात. शौचाला कधी आणि कशी होते, हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारायला हवा आणि गरज दिसताच पोट साफ होण्याचं औषध सोबत द्यायला हवं.

सिगारेटचंही तसंच. धुरातल्या घटकांमुळे यकृत क्लोझापिन लवकर संपवतं. रुग्ण वॉर्डात दाखल होऊन सिगारेट सुटली, की त्याच डोसवर रक्तातली पातळी काही दिवसांत दीडपट किंवा त्याहून जास्त होऊ शकते. निकोटिनच्या गमने हा फरक भरून निघत नाही, कारण परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. ओलान्झापिन या दुसऱ्या औषधाच्या बाबतीतही हे काही प्रमाणात घडतं. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं नेहमीचं अँटिबायोटिकही क्लोझापिनची पातळी वाढवतं, त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरसमोर रुग्णाच्या हातात त्याच्या औषधांची यादी हवीच.

आता सगळ्याच अँटिसायकोटिक, म्हणजे भास आणि संशय कमी करणाऱ्या, औषधांबद्दल. हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन सुरू झाल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही रुग्णांना एका जागी बसवत नाही. पाय सतत हलतात, बसला की लगेच उठतो, येरझारा घालतो, जीव नकोसा होतो. हा औषधाचा दुष्परिणाम आहे. घरच्यांना वाटतं आजार वाढला, घाईतल्या डॉक्टरलाही तेच वाटतं, आणि डोस आणखी वाढवला जातो. मग तळमळ दुप्पट होते. खरं तर इथे डोस कमी करणं, औषध बदलणं किंवा ही तळमळ शमवणारं प्रोप्रॅनोलॉल देणं यांचा विचार करायचा असतो.

रिस्पेरिडोनने पाळी थांबू शकते, स्तनातून दूध येऊ शकतं, लैंगिक इच्छा मरू शकते. लाजेपोटी रुग्ण हे सांगत नाही, गोळी गुपचूप बंद करतो. गोळी सुटल्यावर दुसऱ्या दिवशी काहीच बिघडत नाही, उलट हलकं वाटतं; आजार कित्येकदा काही आठवड्यांनी, महिन्यांनी उलटतो, तोवर कारण कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून हे प्रश्न आपण होऊन, आडपडदा न ठेवता विचारले गेले पाहिजेत.

गोळी कशी घ्यायची, हेही कुणी नीट सांगत नाही. असेनापिनची गोळी जिभेखाली ठेवायची असते आणि पुढची 10 मिनिटं काही खायचं-प्यायचं नसतं. ती गिळली तर 2 टक्क्यांहूनही कमी औषध रक्तात पोहोचतं, म्हणजे उपचार होतच नाही. झिप्रासिडोन सुमारे 500 कॅलरींच्या जेवणासोबत घ्यायचं असतं, लुरासिडोन निदान 350. उपाशीपोटी घेतलेलं झिप्रासिडोन साधारण निम्मंच अंगी लागतं. पॅलिपेरिडोनच्या गोळीचं रिकामं कवच शौचातून बाहेर पडतं. ते पाहून गोळी विरघळलीच नाही असं समजून घरचे दुसरी गोळी देऊ शकतात. रुग्णाला न सांगता गोळी कुटून जेवणात कालवण्याचा मोहही घरच्यांना होतो. दीर्घकाळ झिरपणारी गोळी कुटली तर दिवसभराचं औषध एकदम सुटतं, आणि एकदा हे उघडकीला आलं की तो माणूस घरच्या अन्नावरही विश्वास ठेवत नाही.

स्किझोफ्रेनियाचे रुग्ण इतरांच्या तुलनेत लवकर जातात आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. ओलान्झापिन आणि क्लोझापिनने वजन आणि साखर विशेष वाढते. सुरुवातीलाच वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल नोंदवावं. वजन पुन्हा 4, 8 आणि 12 आठवड्यांनी, साखर आणि कोलेस्टेरॉल 12 आठवड्यांनी, मग साखर दरवर्षी. मूळ वजनात 5 टक्के वाढ, म्हणजे 60 किलोच्या माणसात 3 किलो, दिसली की औषध बदलण्याचा विचार सुरू व्हायला हवा. त्यासाठी वजनकाटा, मोजपट्टी आणि ते आकडे लिहून ठेवणारी एक परिचारिका पुरते. हे नसण्याला कुठलीही सबब चालू नये.

आमची मागणी एका कागदाची आहे. प्रत्येक पाकिटासोबत, साध्या भाषेत, मोठ्या अक्षरांत : औषधाचं नाव आणि डोस, गोळी घेण्याची पद्धत, एखादी गोळी चुकली तर दुप्पट न घेण्याची सूचना, पुढच्या तपासणीची तारीख. कंपनी बदलून गोळीचा रंग किंवा आकार बदलला, तर तेही त्यावर लिहावं. नाहीतर जुनी आणि नवी, दोन्ही गोळ्या घेतल्या जातात. त्याच कागदावर धोक्याची लक्षणं ठळक छापावीत : तीव्र ताप, लाकडासारखं ताठरलेलं अंग, दरदरून घाम आणि बरळणं एकत्र दिसलं, तर पुढची गोळी न देता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यायचं. त्याखाली एक फोन नंबर हवा, आणि रात्री तो उचलणाऱ्याची नेमणूक आपल्या खात्याच्या लेखी आदेशाने झालेली हवी.

आपले,
स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसोबत काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि फार्मासिस्ट