भिंतीवरची रेघ आणि विसर्गाचा आकडा : जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय जलसंपदा मंत्री महोदय
(विदर्भ, तापी व कोकण खोरे विकास),
महाराष्ट्र राज्य

विषय : पेंच नदीवरील तोतलाडोह व नवेगाव खैरी धरणांखालील गावांना मिळणारी पूर्वसूचना आणि नदीचा उन्हाळी प्रवाह.

महोदय,

सादर नमस्कार.

मौदा तालुक्यात कन्हान नदीच्या काठी माझ्या मावसभावाचे घर आहे. त्याच्या ओसरीच्या भिंतीवर, उभ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, गेरूने ओढलेली एक आडवी रेघ आहे आणि तिच्याखाली ‘३० ऑगस्ट २०२०’ अशी तारीख आहे. पूर ओसरला तेव्हा तिथे गाळाचा पट्टा राहिला होता. पुढे चुना मारताना तो पुसला जाईल म्हणून त्याने त्याच जागी रेघ ओढून ठेवली. दर दिवाळीला घराला रंग लागतो, पण ती रेघ तो तशीच सोडतो. हे पत्र मी त्या रेघेसाठी लिहीत आहे.

त्या वर्षी गणपतीचे दिवस होते आणि करोनाची बंधने होती. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा आणि सिवनी भागात प्रचंड पाऊस झाला, पेंचवरच्याच चौराई धरणाचे दरवाजे उघडले, ते पाणी तोतलाडोहात आले आणि तिथून नवेगाव खैरीमार्गे पेंच व कन्हान नद्यांच्या काठावर पसरले. त्याच दिवसांत तिकडच्याच संजय सरोवर धरणातून सुटलेल्या पाण्याने वैनगंगा फुगली आणि भंडारा, ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत हाहाकार झाला. माझ्या भावाच्या गावात सूचना आलीच नाही, असे मी म्हणणार नाही. कोतवालाने दवंडी दिली होती आणि मोबाईलवर एक संदेशही फिरत होता. त्यात अमुक घनमीटर प्रतिसेकंद विसर्ग सुरू असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, असे लिहिले होते. भावाने मला फोन करून विचारले, “भाऊ, एवढं पाणी म्हणजे कुठवर येईन? मारुतीच्या पारापर्यंत, का शाळेपर्यंत?” मी शिकलेला माणूस, पण मला उत्तर देता आले नाही. पाणी शाळेच्याही पुढे गेले. माणसे वाचली. दोन गाई आणि वर्षभराचे धान्य गेले.

महोदय, आमची मुख्य अडचण त्या प्रश्नात आहे. धरणाचा विसर्ग कधी घनमीटरमध्ये सांगितला जातो, कधी घनफुटांत. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५ घनफूट, त्यामुळे एकक नीट न वाचणाऱ्या माणसाची चूक थोडीथोडकी नसते, पस्तीस पटींची असते. एकक बरोबर वाचले तरी तो आकडा धरणाच्या दारापाशी मोजलेला असतो. तिथून गावापर्यंत पाणी किती तासांत पोहोचेल आणि कोणत्या पायरीला लागेल, हे त्यातून कळत नाही. हा हिशेब करण्याची विद्या आपल्या अभियंत्यांकडे आहे. कोतवालाकडून किंवा माझ्या भावाकडून तिची अपेक्षा करता येत नाही.

तोतलाडोह हे आम्हा नागपूरकरांच्या जिव्हाळ्याचे धरण आहे. त्याच्या पाण्यावर ८० मेगावॅटचे दोन जलविद्युत संच चालतात. १६० मेगावॅटचे हे केंद्र देशाच्या मानाने लहानच, आणि त्याची वीज मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्यात दोनास एक या प्रमाणात वाटली जाते. संचांतून सुटलेले पाणी नवेगाव खैरीच्या जलाशयात येते आणि तिथून कालव्यांना, औष्णिक वीज केंद्रांना आणि नागपूरच्या नळांना जाते. म्हणजे एकच पाणी आधी वीज देते, मग शेत भिजवते, मग आमची तहान भागवते. त्याच पाण्याच्या टंचाईमुळे जुलै २०१९ मध्ये नागपूरला एक दिवसाआड नळ सोडण्याची वेळ आली होती, आणि पुढच्याच वर्षी त्याच धरणाचे दरवाजे उघडावे लागले. वीज, सिंचन आणि पिण्याचे पाणी या तिन्हींसाठी जलाशय लवकर भरलेला हवा असतो, तर पुराच्या दृष्टीने ऑगस्टमध्ये त्यात जागा मोकळी हवी असते. ही ओढाताण मी समजू शकतो. धरणावर रात्रपाळी करणाऱ्या कर्मचाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. परंतु ही ओढाताण कोणत्या नियमाने सोडवली जाते, कोणत्या तारखेला जलाशयाची पातळी किती ठेवायची असते, हे खालच्या गावांना माहीत असलेच पाहिजे, कारण त्या निर्णयाची जोखीम तीच उचलतात.

धरणाची सुरक्षितता म्हटली की आपल्याला भिंत आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून वीसहून अधिक जण वाहून गेले. त्या धरणाच्या गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. पण भिंत शाबूत असतानाही माणसे जातात. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात लारजी जलविद्युत प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. तिथे धरणाला तडाही गेला नव्हता. आमच्या शहरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे दीडशे वर्षांहून जुना अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी दागा ले-आउट आणि कॉर्पोरेशन कॉलनीतील घरांत शिरले, माणसे दगावली. अंबाझरीचा बांधही फुटला नव्हता. म्हणून भिंतीच्या तपासणीइतकीच काळजी भिंतीखालच्या माणसाची घेतली जावी, असे मला कळकळीने वाटते.

केंद्राचा धरण सुरक्षा कायदा, २०२१ हेच सांगतो. तो ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, पुराची पूर्वसूचना देणारी यंत्रणा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याची माहिती लोकांसमोर ठेवणे ही त्याने धरणाच्या मालकाची जबाबदारी ठरवली आहे. आधीपासून भरलेल्या धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा तयार करण्यास त्याने पाच वर्षे दिली असून ती मुदत ३० डिसेंबर २०२६ रोजी संपते. माझी विनंती अशी आहे की तोतलाडोह आणि नवेगाव खैरीचे आराखडे सोप्या मराठीत, गावनिहाय पूरनकाशांसह, पारशिवनी, कामठी, मौदा आणि कुही तालुक्यांतील नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावेत. ते कार्यालयातील कपाटात राहिले तर कायद्याची पूर्तता होईल, पण गावाला त्याचा उपयोग होणार नाही. चौराईचे दरवाजे उघडले की त्याची वर्दी आमच्या गावांपर्यंत त्याच तासाला पोहोचावी, यासाठी मध्य प्रदेश शासनाशी लेखी व्यवस्था असावी आणि तीही जाहीर असावी. भोंगे बसवले जातील तेव्हा त्यांची चाचणी गावकऱ्यांच्या उपस्थितीत व्हावी, कारण धो-धो पावसात, दारे-खिडक्या लावलेल्या घरात भोंगा ऐकू येतो की नाही, हे तिथे राहणाराच सांगू शकतो.

आता उन्हाळ्याविषयी. हा विषय वेगळा वाटेल, पण तो वेगळा नाही. नवेगाव खैरीच्या खाली एप्रिल-मे महिन्यांत पेंचचे पात्र मी पायी तुडवले आहे. मधे मधे डबकी, त्यांवर शेवाळ, आणि बाकी सगळी रेती. कन्हानच्या पात्रात ढिवर (मासेमार) कुटुंबे डांगरवाड्या, म्हणजे टरबूज-खरबुजांच्या वाड्या, लावतात. पात्रातच पळसाच्या फांद्यांची खोपटी उभी राहतात, लेकरे तिथेच झोपतात आणि संध्याकाळी जनावरे तिथल्याच झिऱ्यांवर येतात. नदी वर्षाचे आठ महिने कोरडी राहिली की माणूस तिला नदी मानणे सोडून देतो. त्याचा वावर पात्रात जातो, त्याचे घर काठावरून खाली सरकते आणि पुराची धास्ती त्याच्या मनातून निघून जाते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये सर्व राज्यांना, नद्यांमध्ये कोरड्या हंगामातील सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी वाहते ठेवण्यास सांगितले होते. पेंचमध्ये तेवढे पाणी वाहिले तर पेंच-कन्हानच्या बीना संगमापर्यंत मासे जगतील, काठच्या विहिरींना पाझर राहील, आणि ही वाहती नदी आहे हे प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर राहील. नागपूरच्या नळाचा दाब थोडा कमी झाला तरी चालेल, असे एक नागपूरकर म्हणून मी जबाबदारीने लिहितो. आमच्या शहरात गळतीत आणि अंगणे धुण्यात किती पाणी जाते, हे आम्ही रोज पाहतो.

महोदय, पावसाळ्यापूर्वी आपल्या विभागाचा एक अभियंता आमच्या भावाच्या गावी पाठवावा. त्याने सोबत पातळी मोजण्याचे यंत्र आणावे आणि ओसरीतल्या त्या रेघेची समुद्रसपाटीपासूनची उंची काढावी. नवेगाव खैरीतून किती विसर्ग सुरू झाला म्हणजे किती तासांनी पाणी मारुतीच्या पारापाशी येते, किती झाला म्हणजे शाळेपाशी आणि किती झाला म्हणजे त्या रेघेपर्यंत, हे तीन आकडे त्याने ग्रामपंचायतीला लेखी द्यावेत. ते पाराच्या आणि शाळेच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून घेण्याचा खर्च गाव करील. तसे भावाने मला सांगितले आहे आणि ते आपणास कळवण्यासही सांगितले आहे.

आपला नम्र,
नागपूरचा एक नागरिक