दिव्यांगांच्या मोटारसायकलींची तपासणी तालुक्याच्या शिबिरात व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत फेरफार करणे बेकायदा आहे, असा समज आमच्या उमरखेड भागात अजूनही आढळतो. वास्तविक मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, केंद्राने ठरवलेल्या अटी पाळून कोणालाही आपली गाडी दिव्यांगाच्या वापरासाठी बदलून घेता येते (कलम ५२). २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ४१ तर असे बदल परवडणाऱ्या खर्चात व्हावेत म्हणून योजना आखण्याची जबाबदारी शासनावरच टाकते.

शहरात या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे : बिनगिअरची स्कूटर घ्यावी आणि मागे दोन्ही बाजूंना जादा चाके लावून घ्यावीत. डांबरी रस्त्यावर ती सोय चांगलीच आहे. पण आमच्याकडे वावरात जायचे म्हणजे पांदण रस्ता आला, आणि काळ्या जमिनीतल्या पांदणीत पावसाळ्यानंतर बैलगाडी-ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात. बाजूची चाके आडव्या दांड्याला पक्की वेल्डिंग केलेली असली, की ती दोन्हीकडच्या उंचवट्यांवर टेकतात, मधले मूळ चाक खोलगटावर अधांतरी राहते आणि जागीच फिरू लागते. ज्याला पाय रोवून गाडी मागे ढकलता येत नाही, त्याने मग कोणी येण्याची वाट पाहत बसायचे. बाजूच्या चाकांना स्वतंत्र शॉकॲब्सॉर्बर आणि गाडीला रिव्हर्स गिअर असेल तर हे बरेचसे टळते. शिवाय मोटारसायकलचे चाक स्कूटरच्या चाकापेक्षा मोठे असल्याने ते खड्ड्यातून सहज निघते. म्हणूनच खेड्यातल्या माणसाला मोटारसायकलच हवी असते, हे योजना आखणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

ज्यांना तोल सांभाळता येतो, पण एक पाय अधू आहे, त्यांना जादा चाकांची गरजही नसते. डावा पाय अधू असेल तर गिअर हातावर घ्यावा लागतो, उजवा असेल तर मागचा ब्रेक. एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) किंवा दोन्ही चाके एकदम रोखणारा जोडब्रेक सक्तीचा झाला, ही चांगलीच गोष्ट. परंतु लहान मोटारसायकलींत हा जोडब्रेक सहसा उजव्या पायाच्या पेडलवर असतो, त्यामुळे ज्याचा तोच पाय चालत नाही त्याला या सुरक्षेचा लाभ मिळत नाही. कुष्ठरोगातून बरे झालेल्या अनेकांच्या बोटांना पकड नसते आणि स्पर्शही कळत नाही. त्यांच्यासाठी तळव्याने दाबता येईल असा रुंद आणि हलका क्लच लागेल. वरोऱ्याचे आनंदवन ज्या विदर्भात आहे, तिथे तरी हे वेगळे सांगावे लागू नये.

आज ही कामे गावातला वेल्डिंगवाला आपल्या अंदाजाने करतो. त्याच्या कसबाबद्दल माझी तक्रार नाही. पण ब्रेकचा दांडा अंदाजाने जोडण्याची वस्तू नव्हे. आणि बदलाची नोंद आरसीवर नसल्यामुळे अपघातानंतर विमा कंपनीला आक्षेप घ्यायला जागा मिळते. नोंद करून घ्यावी, तर उमरखेडहून यवतमाळचे परिवहन कार्यालय शंभर किलोमीटरहून अधिक दूर.

माझी सूचना अशी, की पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनांची चाचणी करणाऱ्या संस्थेकडून अशा बदलांचे चार-पाच आराखडे मंजूर करून घ्यावेत, तालुक्याच्या शासकीय आयटीआयमध्ये फिटर व वेल्डर यांच्या हातून ते बसवून घ्यावेत आणि परिवहन विभागाच्या तालुका शिबिरातच गाडी तपासून आरसीवर नोंद करावी. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातला काही भाग या कामी लावता येईल.

आणखी एक बाब. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येनुसार असे बदल केलेले वाहन केवळ त्या दिव्यांग व्यक्तीने किंवा तिच्यासाठीच वापरायचे असते. ज्या घरात तिघा भावांत मिळून एकच मोटारसायकल आहे, तिथे ही अट पाळली जाणे शक्य नाही. तेव्हा पायाचे मूळ पेडल कायम ठेवून हाताचा ब्रेक किंवा गिअर सोबत बसवलेली गाडी घरातल्या इतरांनाही चालवता येईल, अशी स्पष्ट तरतूद केंद्र सरकारने करावी आणि राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने त्यासाठी पाठपुरावा करावा.

आपला,
एक दिव्यांग शेतकरी,
ता. उमरखेड, जि. यवतमाळ