खंजिरी खुंटीवरून काढा

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

वेचणीला बाया मिळत नाहीत, तूर फुलावर आली, असं सगळं सांगून झाल्यावर फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, "तुह्या बाबांनं खंजिरी खुटीले टांगली." मी रात्रभर त्याच एका वाक्यावर.

बाबा, चाळीस वर्षं तुम्ही भजन मंडळात समोर बसून गाता. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला यंदा अंतऱ्यात आवाज फाटला, मागच्या पोट्ट्यांनी ओळ उचलली. ते तुम्हाला लागलं. "गयाच साथ देत नाई त कायले समोर बसू?"

कॉलेजात मी रॉक लावायची तेव्हा तुम्ही विचारायचे, "कोन टिनं बडवून राह्यलं?" त्याच टिनं बडवणाऱ्यांचं आज सांगते. त्यातले बरेच आता तुमच्याहून म्हातारे झालेत.

जेनेसिस बँडचा फिल कॉलिन्स मूळचा ड्रमवाला. मणक्याच्या दुखण्यानं पुढं हातात काडी धरणं होईना. मार्च २०२२ मध्ये लंडनला बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हा वय ७१. खुर्चीवर बसून गायला, आणि मागं ड्रमवर त्याचाच पोरगा. मोबाईलवर ते पाहताना मला तुमच्या मागं ढोलकीवर बसलेला दादा दिसला. ब्लॅक सॅबथ बँडचा गायक ऑझी ऑसबॉर्न तर पार्किन्सननं चालूही शकत नव्हता. ५ जुलै २०२५ ला आपल्याच गावात, बर्मिंगहॅमला, आसनावर बसून गायला आणि सतरा दिवसांनी गेला. बसून गायलं म्हणून कोणी हसलं नाही. तुम्ही तर पहिल्यापासून बसूनच गाता!

रोलिंग स्टोन्स बँडचा गायक मिक जॅगर ऐंशीव्या वर्षीही स्टेजभर पळत होता, पण त्याचं सोडा. प्रत्येक गावात म्हातारपणी झाडावर चढणारा एखादा असतो, म्हणून सगळ्यांनी चढावं काय?

मला तुम्हाला दाखवायचा आहे तो इंग्लंडचा गायक एल्टन जॉन. १९८७ मध्ये त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज जाड झाला. जुन्या गाण्यांतल्या उंच जागा त्यानं खाली आणल्या आणि २०२३ पर्यंत दौरे केले. लेड झेपलिनचा रॉबर्ट प्लँट तरुणपणी असा किंचाळायचा की तुम्ही माझा टेप विहिरीत टाकला असता. साठीजवळ त्यानं ॲलिसन क्राउस या बाईसोबत हळू, खालच्या सुरात गाणी केली, २००९ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. जुना बँड घेऊन पुन्हा फिर म्हणून लोक मागं लागले, हा फिरला नाही.

रेकॉर्ड केलेला आवाज लावून नुसते ओठ हलवणारेही आहेत. त्यांनी मात्र खरंच घरी बसावं.

वयानं गळ्यातल्या स्वरतंतूंची लवचीकता कमी होते, श्वास पुरत नाही. त्यात तुमचा दोष काय? पण पंचविशीत धरलेली पेटीची उंच पट्टी, पांढरी चार, पासष्टीतही सोडायची नाही, हा हट्ट मात्र तुमचाच. तिच्या खालची काळी दोन धरा, नाही जमली तर काळी एक. तबला उतरवावा लागेल, दादा गट्टे ठोकेल. खंजिरीला तर पट्टीच नाही. उंच अंतरा पोट्ट्यांना द्या, धृपद तुम्ही धरा. तुम्ही शब्द जसा सावकाश सोडता, तसा त्यांना अजून सोडता येत नाही. घाई करतात लेकाचे.

पेटीचा भाता फाटलाय म्हणे. पौर्णिमेच्या आधी येते, अमरावतीला नेऊन दुरुस्त करून आणू. तोवर गरम पाणी पीत जा. तंबाखूचं मी काही लिहीत नाही, आई बोलेल.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना? आणि सांजच्या प्रार्थनेला फोन चालू करून ओसरीवर ठेवत जा. बाबा, ही ओळ तुम्ही वाचू नका.

तुमची
बेबी