फरशी न बसवल्याबद्दल आभार

मिस्त्रीमामा,
सप्रेम नमस्कार.

मोबाईलवर लांबलचक वाचायचा तुम्हाला कंटाळा, हे ठाऊक आहे. लेकीला वाचून दाखवायला सांगा. लातुरात आणखी कुणाच्या घरात असं पाणी पसरलं तर त्यांच्याही उपयोगी पडावं, म्हणून चारचौघांत लिहितेय.

मे महिन्यात वॉशिंग मशीनचा पाइप रात्रीतून निसटला आणि गच्चीवरची अख्खी टाकी बेडरूममध्ये उतरली. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आपलं शहर. शेजारच्या काकूंना आमच्या फरशीपेक्षा वाया गेलेल्या पाण्याचीच हळहळ जास्त. सकाळपर्यंत लाकडी फ्लोरिंगच्या पट्ट्या कडेनं फुगल्या होत्या. दुकानदार म्हणाला, उद्याच माणसं पाठवतो, नवीन टाकून देऊ.

तुम्ही दारातूनच विचारलंत, "मेन बंद केलं का?" मग एक पट्टी उचकटून मोडून दाखवलीत. आत नुसता लाकडाचा दाबलेला लगदा. "हे फुगलं की परत बसत नाही, ताई. काढून टाका. पण नवं आत्ता नको. खाली लई ओल हाय." हातातलं काम कोण असं सोडतं?

खालचा फोम पिळला तर पाणी निथळलं. आणि फोमखाली निघाली सासऱ्यांच्या काळातली शहाबादी दगडाची फरशी, जी आम्ही विसरूनही गेलो होतो.

त्यानंतरचे दिवस मात्र तुमचं नाव घरात कुणी प्रेमानं घेतलं नाही, हे सांगून टाकते. बाहेर पारा 40 च्या पुढे आणि तुमचं फर्मान: पंखे लावा, खिडक्या उघडा, कूलर बंद! कूलर हवेत ओल सोडतो, मग फरशी सुकणार कशी, हे पटत होतं; सोसत नव्हतं. भिंतीकडची स्कर्टिंगही तुम्ही काढून ठेवलीत, मागची ओल कोंडू नये म्हणून. फरशीवर पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार, फुटला तेव्हा मी ॲसिडची बाटली आणली होती. तुम्ही ती हातातून घेतलीत. शहाबादी चुनखडीचा दगड, ॲसिडनं खाल्ला जातो. पाण्यानं धुतलं तर क्षार विरघळून पुन्हा आत मुरतात. म्हणून कोरड्या ब्रशनं झाडायचं, पुन्हा फुटला की पुन्हा झाडायचं.

सगळ्यात आवडली ती प्लास्टिकची युक्ती. पारदर्शक तुकडा फरशीवर ठेवून चारही कडा टेपनं चिकटवायच्या आणि सकाळी बघायचं. आतून थेंब धरले की ओल बाकी. आम्ही वरून हात लावून "वाळली" म्हणत होतो, प्लास्टिक नाही म्हणत होतं. "सुकायली अजून, घाई करू नका," एवढंच तुमचं ठरलेलं उत्तर.

शेवटी हातोडीच्या दांड्यानं एकेक फरशी वाजवून पाहिलीत. पोकळ वाजल्या तेवढ्याच काढून पुन्हा बसवल्या, दरजा भरल्या, पॉलिश करून घेतलं. नव्या फ्लोरिंगचा खर्च वाचला, आणि खरं सांगू, खोली आता जास्त थंड वाटते.

एका कोपऱ्यातली फरशी अजून काळपट आहे. तुम्ही म्हणालात तशी राहू दिलीय.

पावसाळा संपला की अंगणातल्या पायऱ्यांचं काम काढायचंय. या. पण मजुरी मी सांगेन. मागच्या वेळेसारखी अर्धीच घेऊन जायचं नाही.

तुमची,
ताई