चिमणे, आता तू पण आमच्यात

प्रिय चिमणे,

तुझा व्हॉइस मेसेज काल ऐकला. साडेचार मिनिटांचा, त्यातली साडेतीन मिनिटं तर नुसत्या शिव्याच आहेत, आणि त्या पण मावशी पलीकडून फरशी पुसतायत तो आवाज मागं ठेवून. आयसीयूत इतकी वर्षं काढली, झोपेत व्हेंटिलेटरचा अलार्म ओळखते मी, आणि आता सायकियाट्रीला, मानसोपचार वॉर्डात टाकलं, तिथं ना सलाईन ना कॅथेटर, करायचं काय गं, नुसत्या गप्पा मारायच्या का? असं तू विचारलंस. मी हसले कारण माझी इथल्या बदलीची ऑर्डर निघाली तेव्हा हेच वाक्य मी घरी येऊन आईला ऐकवलं होतं, वर चहाचा कप पण आपटला होता. फोनवर बोललो असतो पण तू मध्येमध्ये बोलतेस आणि मग माझं राहतं, म्हणून नाईटला बसून लिहितेय. वॉर्ड शांत आहे, टचवुड.

आधी हे सांगते की आपण जीएनएमच्या नर्सिंग कोर्सला हा विषय कसा शिकलो होतो आठव. डिफेन्स मेकॅनिझम, म्हणजे मन दुखू नये म्हणून ते नकळत काढतं त्या पळवाटा: व्याख्या, दोन उदाहरणं, पाच मार्क. ती उदाहरणं पण कुठल्या तरी परदेशी ऑफिसातली, बॉस ओरडला म्हणून माणूस घरी येऊन कुत्र्याला लाथ मारतो. अगं आपल्याकडं यासाठी आख्खी म्हण पडलीय ना, वड्याचं तेल वांग्यावर! हेच डिस्प्लेसमेंट. इनचार्ज सिस्टर मला बोलल्या, मी स्टुडंटला बोलले, स्टुडंट मावशींना बोलली आणि मावशींनी बादली आपटली, आख्खी साखळी एका शिफ्टमध्ये बघायला मिळते. रॅशनलायझेशन म्हणजे कोल्ह्याला द्राक्षं आंबट. नाचता येईना अंगण वाकडं यात प्रोजेक्शनचा, आपलं दुसऱ्यावर ढकलण्याचा, वास येतो थोडा. आणि डिनायल म्हणजे मांजर डोळे मिटून दूध पितं ते. आपल्या आज्यांना सगळं माहीत होतं, फक्त त्यांचा पेपर कोणी काढला नाही. (अ‍ॅना फ्रॉईडने १९३६ मध्ये हे सगळं नीट मांडून पुस्तक काढलं आणि ते वडिलांना, सिग्मंड फ्रॉईडना, ऐंशीव्या वाढदिवसाला दिलं म्हणे. काय ती वाढदिवसाची भेट, आमच्याकडं शाल देतात.)

तर आता मुद्द्याचं, आणि हे मी चूक करून शिकले. सुरुवातीच्या महिन्यात एक बाई ॲडमिट होत्या, वय चाळिशीतलं समज, बाकी ओळखीचं काही सांगत नाही. सारखी धडधड, झोप नाही, रिपोर्ट सगळे नॉर्मल. घरात काय चाललंय हे सगळ्या वॉर्डाला कळत होतं, नवरा भेटायला आला की बाईंचा बीपी वर जायचा, मी चार्टवर तारखेसकट बघितलं होतं. आणि बाई म्हणायच्या, आमच्यात काही नाही हो सिस्टर, ते लई चांगलेत, मला फक्त गॅसेसचा त्रास आहे. मला नवीन नवीन हुशारी चढली होती, मी त्यांना बसवून सांगितलं की ताई हे गॅसेस नाहीत, तुम्ही खरं टाळताय. बाई माझ्याकडं बघत राहिल्या. संध्याकाळी सामान बांधलं, अंगठा-सही करून अगेन्स्ट ॲडव्हाईस, डॉक्टरांचा सल्ला डावलून, निघून गेल्या, गोळ्या पण टेबलावर ठेवून. परत आल्या नाहीत.

तेव्हा आमच्या एक सीनियर सिस्टर होत्या, त्या काही ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, लंगडणाऱ्याची काठी काढून घेऊन तू त्याला पळ म्हणालीस. चिमणे, माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. डिनायल असो, गॅसेस असो, बाहेरचं काही झालंय म्हणून देवऋष्याकडं जाणं असो, त्या माणसाला त्या दिवशी त्याच्यावरच उभं राहता येतंय. ते चुकीचं आहे हे सिद्ध करणं आपलं काम नाही. दुसरी काठी हातात येईपर्यंत पहिली राहू द्यायची. गॅसेस म्हणतात ना, मग म्हणायचं बरं, गॅसेस कधी जास्त होतात? जेवल्यावर का कोणी आल्यावर? हळूहळू बाई स्वतःच सांगतात. त्या बाईंना मी एवढं विचारलं असतं तर.

आता पॅनिकचं, म्हणजे एकदम येणाऱ्या जबर भीतीच्या झटक्याचं सांगते कारण तू तिथं पहिल्याच आठवड्यात सापडशील. रात्री पावणेतीन, कॅज्युअल्टीतून एक मुलगी वर आली, ईसीजी, शुगर, सॅच्युरेशन सगळं झालेलं, नॉर्मल. सोबत सासू आणि दीर. मुलगी कॉटच्या दांडीला धरून बसलेली, श्वास असा भराभर की बघणाऱ्याला धाप लागावी, आणि हाताची बोटं आत वळलेली, ताठ. सासू म्हणाली फेफरं आलं, दीर म्हणाला अंगात आलं. इंटर्न बिचारा म्हणाला घाबरू नका काही झालेलं नाही. बघ, हे वाक्य तिथल्या तिथं बंद करायचं. ज्याला वाटतंय मी आत्ता मरतोय त्याला काही झालेलं नाही म्हटलं की तो अजून एकटा पडतो. बोटं वळतात ती भराभर श्वासानं, कार्बन डायऑक्साईड खाली जातो, रक्त अल्कलाईन होतं, मग आयोनाईज्ड, म्हणजे रक्तातलं मोकळं, कॅल्शियम कमी पडतं, तुला एबीजीवरून, रक्तातल्या वायूंच्या त्या तपासणीवरून, हे माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. तुझं आयसीयू वाया जात नाही गं इथं.

मी दिराला बाहेर पाठवलं पाणी आणायला, खरं म्हणजे बाहेरच पाठवायचं होतं. मोठी लाईट बंद केली. तिच्या समोर स्टूल घेऊन बसले, वर उभी राहून नाही. हात लावू का विचारलं, ती मान हलवू शकली तेव्हाच लावला. आणि छोटी वाक्यं. मी इथंच आहे. हे दहा-वीस मिनिटांत उतरतं. माझ्याबरोबर सोड. श्वास घे म्हणायचं नाही, ती आधीच घेतेय ढीगभर, सोड म्हणायचं, लांब सोड. आकडे मोजायला सांगितले तर जमेनात. तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, मी एक बांगडी मनगटावरून कोपराकडं सरकवली, म्हटलं एक श्वास सोडलास की एक बांगडी वर. पहिल्या तीन मीच सरकवल्या. चौथी तिनं दुसऱ्या हाताच्या वाकड्या बोटांनीच ढकलली. बारा बांगड्या वर गेल्या, मग बारा खाली आणल्या, किण किण किण, तेवढाच आवाज वॉर्डात. दुसऱ्या फेरीला बोटं सैल झाली. मग ती रडली, आणि मग म्हणाली भूक लागलीय. सासूच्या पिशवीत पार्ले होते.

कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावायचं नाही हां, सिनेमात दाखवतात ते. दमा असला, हृदयाचं काही निघालं तर अंगाशी येतं. आणि पॅनिकवाल्याला एकटं सोडून ट्रॉली लावायला जायचं नाही.

सायकियाट्रिक नर्सिंगवाल्या पेप्लॉ बाई आठवतात का, आपण टिपा लिही मध्ये सोडून द्यायचो त्या? १९५२ चं त्यांचं पुस्तक. अँक्झायटीच्या, म्हणजे चिंतेच्या, चार पायऱ्या त्यांच्याच, माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर, पॅनिक. पाठ करताना बोअर व्हायचं पण वॉर्डात याचाच उपयोग, कारण पायरी बघून ठरतं की बोलायचं किती. माइल्डला शिकवता येतं, गोळ्या समजावता येतात, परीक्षेच्या आदल्या रात्री आपली असायची तीच ती. मॉडरेटला माणसाला एकच गोष्ट दिसते पण हात धरून दुसरीकडं वळवता येतं. सिव्हिअरला तू डिस्चार्जच्या सूचना वाचून दाखवल्यास तर ती भिंतीला वाचून दाखवल्यासारखं आहे, आणि आपण नेमकं तेच करतो आणि वर लिहितो हेल्थ एज्युकेशन गिव्हन. पॅनिकचं वर सांगितलंच. अजून एक, अँक्झायटी एकाकडून दुसऱ्याकडं जाते, सर्दीसारखी. तू धावतपळत कॉटपाशी गेलीस तर पेशंट तुझ्या पायांवरून ठरवतो किती मोठं संकट आहे ते. आयसीयूची तुझी चाल जरा कमी कर. खरंच.

हात धुणारे पण येतील. ओसीडी, म्हणजे तोच विचार आणि तीच कृती परत परत करायला लावणारा आजार, आता डीएसएमने (मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीने) २०१३ पासून अँक्झायटीतून वेगळा काढलाय पण वॉर्डात बेसिनपाशी त्याने काही फरक पडत नाही. आमच्याकडं एक आजोबा पाऊण तास नळ सोडत नव्हते, बाहेर रांग, लोक शिव्या द्यायला लागले, एका ब्रदरने नळच बंद केला. आजोबांनी रात्रभर हात घासून घासून सालटं काढली. सुरुवातीला वेळ द्यावा लागतो, उलट त्यांना लवकर उठवून सगळ्यांच्या आधी नंबर द्यायचा, हाताला क्रीम द्यायचं, आणि डॉक्टर आणि सायकॉलॉजिस्टनी प्लॅन केला की त्याप्रमाणे वेळ कमी करत जायचं, त्यांना आधी सांगून. चोरून नाही.

गोळ्यांचं थोडक्यात. एस्सिटालोप्राम वगैरे चिंता-नैराश्याच्या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तच, आणि पहिल्या आठवड्यात काहींना उलट अस्वस्थ वाटतं, नेमका तेव्हाच पेशंट गोळी सोडतो आणि गावभर सांगतो की वेड्याच्या गोळीनं वाढलं. हे आधीच सांगून ठेवायचं, नातेवाईकाला पण. अल्प्राझोलॅमवाले, सवय लागणाऱ्या त्या शांत करायच्या गोळीवाले, मात्र खिशात स्ट्रिप घेऊनच येतात, कोणा शेजारणीनं दिलेली, दोन दोन वर्षं चालू. ती एकदम बंद करायची नाही, फिट्स येऊ शकतात, डॉक्टरांना आकडा खरा सांगायला लावायचा. खरा आकडा पहिल्या दिवशी मिळत नाही. तिसऱ्या दिवशी मिळतो, चहा पिताना. हो आणि चहाचा पण हिशोब विचार, दिवसाला दहा-दहा कप पितात आणि म्हणतात धडधड का होतेय कळत नाही.

तुला चीड येईल अशी एक गोष्ट होईल. कोणीतरी म्हणेल नाटक करतेय, डिस्टिल वॉटर दे टोचून, बरी होईल. मी हे ऐकलंय, एकदा दिलंय पण, नवीन होते, नाही म्हणायची हिंमत नव्हती. आणि ती बाई बरी झाली त्या वेळेपुरती, म्हणून सगळे हसले. पुढच्या आठवड्यात परत आली. मी केस पेपरवर नजर ठेवून उभी होते, तिच्याकडं बघितलं नाही. आता कळतं की तेव्हा माझंच डिफेन्स चालू होतं, कागदात डोकं घालणं. तू बिझी राहशील, मला माहितीये तुला, दर तासाला सगळ्यांचा बीपी घेत फिरशील कारण कफ बांधलेला असला की बोलावं लागत नाही. घे दोन-चार दिवस. मी तुझी काठी काढत नाही.

डिस्चार्जच्या कागदावर टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर लिहून देत जा, १४४१६, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मी पेनानं मोठा लिहिते, शिक्क्याखाली दिसत नाही नाहीतर.

बरं, सात नंबरच्या आजी उठल्यात, त्यांना रोज चार वाजता वाटतं घराचं दार उघडं राहिलंय. मी जाऊन बसते. तू रुजू झालीस की पहिल्या नाईटनंतर फोन कर, आंघोळ वगैरे नंतर कर, आधी फोन. आणि माझा तो निळा डबा तुझ्याकडंच आहे, मार्चपासून, विसरले नाहीये मी.

तुझीच,
माई