रविवारची टेकडी आणि मग शेतकरी बाजार

मंडळी नमस्कार, या रविवारी सकाळी बरोबर ६ ला वेताळ टेकडीच्या पायथ्याशी जमायचंय, उजाडायला वेळ असतो तेव्हा टॉर्च, स्वेटर, पाणी आणि दोन कापडी पिशव्या आणा.

यावेळी चढ जरा जोरात चढू, म्हणजे पूर्ण वाक्य बोलता येणार नाही इतका दम लागला पाहिजे. आठवडाभराचं टेन्शन त्यानंतर खरंच उतरतं. आपण सगळे एंडॉर्फिन एंडॉर्फिन करतो (म्हणजे शरीरातलं वेदना कमी करणारं, छान वाटायला लावणारं रसायन) पण २०२१ च्या एका प्रयोगात औषधाने त्याचा परिणाम अडवला तरी पळाल्यावर लोकांना शांत वाटलंच, त्यामुळे आता संशोधक शरीरातच तयार होणाऱ्या एंडोकॅनाबिनॉइड्सकडे, म्हणजे भांगेतल्या घटकांसारखं काम करणाऱ्या रसायनांकडे, जास्त बघतायत. बीपी, हार्टचा त्रास असेल त्यांनी मात्र प्लीज आपल्या स्पीडनेच या, कोणीतरी सोबत थांबेलच.

उतरल्यावर थेट शेतकरी आठवडे बाजार. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, तेव्हापासून शेतकऱ्याला थेट आपल्याला विकणं सोपं झालं, मधली अडत (दलाली) वाचते. हरभऱ्याचा पाला, तुरीच्या शेंगा, ओला पावटा आत्ता मस्त मिळतोय. आणि हात जोडून विनंती, तिथे दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस नको, ती माणसं मध्यरात्री उठून माल भरून आलेली असतात. सुट्टे पैसे ठेवा, सगळ्यांकडे क्यूआर नसतो.

येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका.