आई, डाळीत काही टाकू नको

आई, बाबा,
सा. न.

फोनवर बोलायला गेलो की आई रडते आणि बाबा तुम्ही "बरं ठेवतो" म्हणता, म्हणून लिहूनच काढतो. बाबा, चष्मा लावून आईला वाचून दाखवा, मधातलं काही गाळू नका.

आज 41 दिवस झाले, दारूचा थेंब नाही. शपथबिपथ घेतली नाही यावेळी, माझ्या शपथा किती झाल्या ते आपल्या देव्हाऱ्यातल्या गजानन महाराजांनाच माहीत.

दिवाळीत घरी आलो होतो तेव्हा मी मनानेच एकदम बंद केली होती, आठवते ना? तिसऱ्या दिवशी मला भिंतीवर मुंग्याच मुंग्या दिसायला लागल्या आणि रात्री फिट आली. तुम्हाला वाटलं बाहेरचं काही लागलं, अंगारा लावला. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी आता समजावलं की रोज पिणाऱ्याने अचानक सोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असंच होऊ शकतं आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून यावेळी आधी भरती झालो, सुई-गोळ्या घेतल्या, गोळ्या हळूहळू कमी केल्या आणि मगच दारू सोडणाऱ्यांची मीटिंग शोधायला निघालो.

ती शोधणंही काही सोपं नव्हतं बाप्पा. कोणीतरी दिलेला पत्ता घेऊन इथे नागपुरात सदरला एका शाळेच्या गेटवर उभा राहिलो, संध्याकाळचे सात, गेटला कुलूप. चौकीदार म्हणे, "वो दारूवाले? वो तो कब के चले गए." आणि हसला. परत येताना रस्त्यात तीन बार लागले, मी मोजले. गाडी एका बारसमोर हळू झाली ते खोटं नाही सांगत, पण थांबलो नाही, सरळ तर्री पोहे खायला गेलो आणि दोन प्लेट हाणले. दुसऱ्या दिवशी एका नंबरवर फोन लावला तर पलीकडून एक काका म्हणाले, पत्ताबित्ता राहू दे, व्हरायटी चौकात ये, मी स्कूटरवर लाल हेल्मेट घालून उभा राहतो. अनोळखी माणूस हो, पाऊस सुरू होता तरी उभा होता.

या मीटिंगवाल्यांना अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणतात, थोडक्यात ए.ए. 1935 मध्ये अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही पक्के पिणारे, एकमेकांना भेटले तिथून सुरू झालं. इथे मात्र प्लास्टिकच्या वीस खुर्च्या, लुकलुकणारी ट्यूबलाइट, चहा आणि पार्ले-जी. आडनाव कोणी विचारत नाही. एकेक जण उठून सांगतो, मधात कोणी टोकत नाही, उपदेश तर अजिबात नाही (आपल्या मामांना इथे पाच मिनिटं बसवता येणार नाही). माझी पाळी आली तर हात एवढा थरथरला की चहा पँटवर सांडला, पण तोंडातून निघालं, "मी दारुडा आहे." घरी कधी निघालं नव्हतं. बाजूच्याने नुसतं फडकं दिलं.

बाबा, तुम्ही 501 ची पावती फाडायला निघाल म्हणून आधीच सांगतो, फी नाही आणि बाहेरच्यांचे पैसे ते घेतच नाहीत, आम्हीच डब्यात जमेल ते टाकतो. तुम्ही सगळ्यांना सांगता ना की आपला वर्धा जिल्हा 1975 पासून दारूबंदीचा, पोरगं नागपूरला जाऊन बिघडलं. बाबा, मी पहिली हिंगणघाटातच प्यायलो होतो, अकरावीत. आता नातेवाईकांना कावीळ झाली म्हणूनही सांगू नका. विचारलं तर सांगा दारू सोडून राहिला आहे.

आणि आई, आता तुझं. भिंतीवर लिहिलेलं असते ना, "न कळत दारू सोडवा", त्या नंबरवरून तू पुड्या मागवल्या होत्या आणि माझ्या डाळीत टाकायची. मला माहीत होतं. डाळ कडू लागायची, मी काही बोललो नाही, खाऊन बाहेर जाऊन प्यायचो. डॉक्टर म्हणाले पुडीत काय असते कोणालाच माहीत नसते, आणि डायसल्फिराम नावाचं दारू सोडवायचं औषध असलं आणि वरून दारू पडली तर बीपी एकदम खाली जाऊ शकते, हृदयाचंही काही होऊ शकते. ते औषध चांगलंच आहे, पण माणसाला सांगून, त्याच्या मर्जीने आणि डॉक्टरच्या हाताखाली. मला राग नाही आला तुझा. तू चोरून टाकत होती आणि मी चोरून पीत होतो.

घरच्यांसाठी वेगळा ग्रुप असते, अल-अनॉन, 1951 पासूनचा. त्यात मला सोडवायचं कसं ते शिकवत नाहीत, तुम्ही माझ्यापायी रात्र रात्र जागलात, त्याचं काय करायचं ते बोलतात. आमच्या इथे महिन्याच्या शेवटच्या रविवारी ओपन मीटिंग असते, त्यात घरचेही बसू शकतात. येता का? सकाळच्या एसटीने या, मी बसस्टँडवर येतो. आई, मागे बसायचं आणि नुसतं ऐकायचं, बोलायची सक्ती नाही.

येताना जवसाची चटणी आण आणि डाळ माझ्यासमोर फोडणीला टाक.

तुमचा,
पिंट्या